खारपाणपट्ट्यात राजदूत रंगवताना

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात मोटारसायकल घरच्या घरी रंगवायची म्हटली, की रंगाच्या डब्याआधी पिकांचे वेळापत्रक पाहावे लागते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी चालू असते आणि गावभर भुसा उडतो. त्यानंतर कापसाची वेचणी जानेवारीपर्यंत लांबते, घराघरांत कापसाचे ढीग लागतात आणि त्याचे तंतू दारे-खिडक्या लावूनही ओल्या रंगावर येऊन बसतात. फेब्रुवारी सरताना हरभऱ्याला थ्रेशर लागले की कुटाराची धूळ सुरू होते. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि फवारणीच्या बंदुकीतून निघालेला रंग पत्र्यापर्यंत पोहोचेस्तोवर अर्धा सुकलेला असतो. पावसाळ्यात तर दमट हवेमुळे हा विषयच निघत नाही. त्यामुळे कापूस विकून घर मोकळे झाले आहे आणि हरभरा अजून शेतात उभा आहे, एवढाच काय तो मोकळा काळ उरतो. वडिलांची राजदूत रंगवण्यासाठी मी तोच काळ धरला आणि बाकीची सर्व कामे त्या हिशेबाने मागे-पुढे केली.

गाडी १९९१ सालची, एमएच-२७ क्रमांकाची, वडिलांनी अमरावतीहून नवी आणलेली. राजदूत १७५ ही मुळात पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलची भारतीय आवृत्ती होती. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात परवाना घेऊन ती फरीदाबादला बनवायला सुरुवात केली. १७३ सीसीचे एक सिलिंडर असलेले टू-स्ट्रोक इंजिन, जाड पत्रा आणि गावातल्या कोणत्याही मिस्त्रीला उघडता येईल अशी साधी रचना यांमुळे दूधवाले, शेतकरी आणि ग्रामसेवक यांची ती हक्काची गाडी झाली. पुढे चांगल्या ॲव्हरेजच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि राजदूत गोठ्यांत जाऊन उभ्या राहिल्या. आमचीही तशीच उभी होती. तिच्यावर मूळ काळा, त्यावर एका पोळ्याच्या आधी हौसेने मारलेला लाल आणि त्यावर ब्रशने फासलेला निळा ऑइलपेंट असे तीन थर होते. निळा कोणी मारला याबद्दल घरात आजही एकमत नाही.

रंग मूळचाच, म्हणजे काळा द्यायचा, हे आधीच ठरले होते. याला आवडीइतकेच कागदाचेही कारण आहे. नोंदणी पुस्तकात रंगाचा रकाना असतो आणि वेगळा रंग दिल्यास आरटीओकडे तशी नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, तेव्हा गाडी प्रत्यक्ष तपासली जाते. निळी गाडी आणि कागदावर काळी, हा प्रश्न मागच्या खेपेला वडिलांनी कसाबसा निभावून नेला होता. शिवाय काळा रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो. ज्याला पत्र्याची तयारी नीट करायची आहे त्याने काळाच घ्यावा, म्हणजे कामचुकारपणाला वाव राहत नाही.

गाडी खोलण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येक सांधा उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा, वायरिंगच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यावर लिहावे आणि नट-बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या नावाने वेगवेगळ्या डब्यांत टाकावेत, एवढे पथ्य पुरते. गंजून बसलेल्या बोल्टांना डिझेल पाजून रात्रभर ठेवले आणि तरीही न हललेल्यांना ब्लो-लॅम्पची ऊब दिली. गावातला मिस्त्री येता-जाता पाहत उभा राहायचा. एकदा त्याच्याने राहवले नाही. म्हणाला, "सर, काहून या लोखंडाच्या मांगं लागले? हप्त्यानं नवी घेऊन घ्या ना." इंजिन मात्र त्याच्याच हवाली केले. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवणे आणि क्रँकचे बेअरिंग बदलणे ही घरी करण्याची कामे नव्हेत. क्रोमचेही तसेच. हँडल, रिम आणि सायलेन्सर अमरावतीला प्लेटिंगसाठी पाठवले, कारण क्रोम चढवण्याच्या द्रावणातले विष घराच्या आवारात आणणे हा शहाणपणा नाही.

खरे काम सुरू झाले ते जुना रंग आणि गंज काढण्यापासून. पेंट रिमूव्हर लावला की निळा थर फुगून सुरकुततो आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडला तर सालीसारखा निघतो. लाल त्याहून चिवट होता, आणि मूळ काळा तर काही ठिकाणी इतका घट्ट की तो पाणीपेपरनेच, म्हणजे पाणी लावून घासायच्या सँडपेपरनेच, घासावा लागला. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासू नये. ओला घासला तर धूळ नाकात जात नाही आणि खाली साचलेला लगदा गोळा करून टाकता येतो. लहान मुले असलेल्या घरात ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

ओले घासायचे म्हटले की पाण्याचा प्रश्न येतो, आणि आमच्या भागात पाणी हाच सगळ्या गोष्टींचा कळीचा मुद्दा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेला हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेला भाग. इथले बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही आणि त्यावर ओलितही करता येत नाही. उघड्या पत्र्यावर हे पाणी पडले, की तो पुसेपर्यंत त्यावर नारिंगी झाक येते. ही झाक पुन्हा घासून काढता येते. पण पाणी सुकल्यावर मागे राहिलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, आणि रंगाच्या थराखाली ते तसेच अडकले तर हवेतला ओलावा हळूहळू आत ओढून घेते. मग पहिल्याच पावसाळ्यात रंगाला मोहरीएवढे फोड येतात. तालुक्यात नव्या रंगवलेल्या ट्रॉल्यांना आणि लोखंडी फाटकांना असे फोड आलेले मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि लोक त्याचा दोष रंगाच्या कंपनीला देतात. म्हणून सुरुवातीची ढोबळ धुलाई बोअरच्या पाण्याने केली, तरी पत्रा उघडा पडल्यानंतरचे सगळे ओले घासणे नळाच्या पाण्याने केले आणि शेवटची धुवणी आरओच्या कॅनच्या पाण्याने. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पिण्याच्या पाण्यातून गाडी धुतली जात असल्याचे पाहून घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. धुतल्याबरोबर पत्रा कोरड्या कापडाने पुसून ब्लोअरने वाळवला आणि थिनरचा हात फिरवला.

लहान भागांसाठी, म्हणजे ब्रॅकेट, फूटरेस्ट, स्टँड, साखळीच्या कव्हरचे क्लॅम्प यांच्यासाठी, विजेने गंज काढण्याची पद्धत फार उपयोगी पडली. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि बांधकामातली लोखंडी सळई धन टोकाला जोडायची. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. चार्जर चालू केला की भागाच्या पृष्ठभागावरून बारीक बुडबुड्यांचा फेस वर येऊ लागतो आणि काही तासांत लाल गंजाचे काळ्या, बोटाने पुसता येणाऱ्या काजळीत रूपांतर होते. चांगले लोखंड मात्र तसेच राहते, आणि ॲसिडच्या तुलनेत या पद्धतीचा हाच मोठा फायदा आहे. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे ड्रम उघड्यावर ठेवावा आणि जवळपास बिडी पेटवू देऊ नये. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट या ड्रममध्ये टाकू नयेत. हायड्रोजन त्यांच्या आत शिरतो आणि ते ठिसूळ होतात.

पेट्रोलची टाकी हा स्वतंत्र प्रपंच होता. बाहेरून ती बरी दिसत होती, पण तोंडातून टॉर्च मारला तर तळाशी गंजाच्या खपल्या पडलेल्या दिसत होत्या. आधी मूठभर नट आणि थोडे साबणाचे पाणी आत टाकून ती आडवी-उभी हलवली. खपल्या निघाल्यावर लिंबूसत्वाचे गरम द्रावण काठोकाठ भरून ठेवले. हे ॲसिड काढल्यानंतर सोड्याच्या पाण्याने धुणे आवश्यक असते, नाहीतर टाकी वाळता वाळताच पुन्हा तांबूस होते. ती उन्हात पूर्ण वाळल्यावर आत थोडे टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे, ऑइल घालून सगळीकडे फिरवले. तळाला सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रे निघाली होती, ती पितळेने ब्रेझिंग करून घेतली. वेल्डरने टाकी हातात घेऊन आधी तोंडाला नाक लावले आणि सरळ परत दिली. कितीही धुतली तरी पेट्रोलची वाफ सांध्यात दडून राहते, आणि अशा टाकीला ज्योत लावली तर ती फुटते. पुन्हा साबणाने धुऊन, छिद्राची जागा वर येईल अशी धरून, बाकीची टाकी पाण्याने भरल्यावरच त्याने ज्योत पेटवली. त्याचा तो हट्ट मला फार आवडला.

त्यानंतर पत्रा. मडगार्डला पडलेले पोचे लाकडी हातोडी आणि खालून वाळूची पिशवी धरून जमेल तेवढे उठवले. टाकीचे पोचे आतून उठवता येत नाहीत, तिथे पुट्टीला पर्याय नाही. पुट्टी जितकी कमी तितकी बरी, असे सगळेच सांगतात. पण कमी म्हणजे किती, हे पत्र्यावर हात फिरवल्याशिवाय कळत नाही. डोळे मिटून तळहात पालथा-उलथा फिरवला तर नजरेला न दिसणारा खड्डा बोटांना लागतो. पुट्टी नेहमी उघड्या, ८० नंबरच्या पेपरने खरबरीत केलेल्या पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर भरावी. तिच्यात हार्डनर, म्हणजे ती कडक करणारा घटक, जास्त पडला तर ती लवकर सुकते, पण नंतर रंगातून डाग वर येण्याची भीती असते. आमच्या दुपारच्या उन्हात तर मापातला हार्डनरही लवकर पकडतो, म्हणून लिंबाएवढ्याच गोळ्या कालवून सकाळच्या वेळी भरल्या.

संपूर्ण कामात मला सर्वांत समाधान देणारी पायरी कोणती असे विचारले, तर मी गाइड कोटचे नाव घेईन. करड्या प्रायमरचे थर वाळले की त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ, फुलोऱ्यासारखा शिडकावा करायचा. मग सपाट लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पाणीपेपर गुंडाळून तिरक्या हाताने घासायचे. उंच भागावरचा काळा ठिपका लगेच निघून जातो, खोलगट भागावरचा तसाच राहतो. टाकीच्या उजव्या खांद्यावर, जिथे मला सगळे ठीक वाटत होते, तिथे तळहाताएवढा काळा डाग अडून बसला. म्हणजे तिथे उथळ खळगा होता. त्यावर पुन्हा पुट्टीचा पातळ हात, पुन्हा प्रायमर, पुन्हा काळा शिडकावा. डाग हळूहळू आक्रसत, नाण्याएवढा होत, शेवटी पुसला गेला. ही पायरी गाळून थेट रंग मारणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या गाड्या सावलीत छान दिसतात.

चेसिसवर प्रायमर मारण्याआधी वडील मुद्दाम गोठ्यात आले आणि बजावून गेले, "त्या चेसिस नंबरवर थरावर थर नोको चढवजो. मंग साहेब म्हणन का गाडी चोरीची हाये." कोरलेले आकडे रंगात बुजले तर तपासणीत खरोखरच अडचण होते. म्हणून त्या जागेवर मास्किंग टेपची पट्टी लावली आणि सगळे झाल्यावर तिथे प्रायमर आणि काळ्याचा एकेकच पातळ हात दिला.

रंग कोणता वापरायचा यावर मी बराच विचार केला. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग स्वस्त असतो, झटपट वाळतो आणि चुकला तर दुरुस्त करणे सोपे जाते. जुन्या गाड्यांवर हौशी लोक तोच मारतात. पण त्यावर पेट्रोल सांडले की तो मऊ पडतो, आणि राजदूतसारख्या गाडीत पेट्रोल आणि ऑइल टाकीपाशीच मिसळायचे असल्यामुळे सांडलवंड अटळ असते. दमट हवेत एनसी मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि काळा रंग धुरकट पांढरा दिसू लागतो. दोन घटकांचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग आणि वरून पीयूचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, यांना पेट्रोलचे भय नसते, चकाकी टिकते आणि ऊनही सोसते. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या तुषारांनी दमा जडू शकतो आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. नाकाला रुमाल बांधून हे काम करणारे पेंटर मी पाहिले आहेत. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना किती शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, हे आम्ही जवळून ऐकलेले आहे. त्यानंतरही नाकाला रुमाल बांधून फवारा हातात घेणे मला पटत नाही. मी काडतुसे असलेला रेस्पिरेटर, डोळ्यांना बंद चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे एवढी तयारी केली, घरच्यांना त्या सकाळी दुसऱ्या अंगणात पाठवले आणि मगच पीयू हाताळला. ज्याला एवढे जमणार नसेल त्याने टाकी आणि मडगार्ड तालुक्याच्या रंगकामाच्या बूथवर न्यावेत आणि घरी केवळ तयारी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगाची खोली म्हणून गोठ्याचा अर्धा भाग घेतला. छतावरून धूळ पडू नये म्हणून वर ताडपत्री ताणली, भिंतींना मेनकापड लावले, आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. हवा आत येण्याच्या बाजूला जुन्या नायलॉनच्या साडीचा दुहेरी पडदा लावला. सुती लुगडे घेतले असते तर त्याचेच तंतू रंगावर आले असते. समोरची बाजू वाफ बाहेर जाण्यासाठी उघडी ठेवली. कूलरचा पंखा लावून हवा खेचण्याचा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता, पण त्याच्या मोटारीत ठिणगी उडते आणि थिनरची वाफ पेट घेते, त्यामुळे पंखा लावला नाही. सकाळी सातनंतर वारा पडलेला असतो आणि दहा-साडेदहाला पुन्हा सुटतो. फेब्रुवारीतल्या त्या वेळी ऊन कोवळे असते, रंग वाळायलाही हवा तेवढा वेळ मिळतो आणि विजेचे व्होल्टेजही बरे असते. संध्याकाळी आमच्याकडे कॉम्प्रेसरची मोटार नुसती गुरगुरते. कॉम्प्रेसर पंक्चरच्या दुकानातून आणला होता. त्याच्या टाकीतले पाणी आधी काढून टाकले आणि नळीला पाणी अडवणारा फिल्टर जोडला, कारण पाण्याचा एक थेंब जरी बंदुकीतून निघाला तरी पीयूमध्ये बुडबुडे येतात.

प्रत्यक्ष रंग मारणे हे या सगळ्यापुढे फार थोड्या वेळाचे काम आहे. रंग, हार्डनर आणि थिनर डब्यावर दिलेल्या मापानेच मिसळावेत आणि बारीक जाळीतून गाळावेत. बंदूक पत्र्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याला समांतर फिरवावी. मनगट वळवले की मधे रंग जाड आणि कडांना पातळ पडतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यायला हवा, आणि ट्रिगर वस्तूच्या अलीकडे दाबून पलीकडे सोडायला हवा. पहिला हात विरळ ठेवला, तो हाताला चिकटेनासा झाल्यावर पुढचे दोन भरीव दिले. टाकीच्या खालच्या काठावर ओघळ येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून आधी काठ आणि सांधे उरकून मग मोठा पृष्ठभाग घेतला. काळ्यावर क्लिअरचे दोन हात दिले. दुसरा हात पडल्यावर तिरक्या उजेडात पाहिले तर ताडपत्रीची वीण टाकीत उमटलेली दिसत होती. एवढे करूनही कापसाचा एक बारीक तंतू टाकीच्या पाठीवर येऊन बसलाच. ओल्या रंगात हात घालायचा नाही, हा नियम पाळून तो तसाच राहू दिला. क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर १५०० आणि २००० नंबरच्या पाणीपेपरने, साबणाच्या पाण्यात भिजवून, तेवढीच जागा घासली आणि रबिंग कंपाउंडने चमक परत आणली.

टाकीवरच्या सोनेरी रेघांसाठी स्टिकर मिळतात, पण ते मला नको होते. दर्यापूरला पाट्या आणि नंबर प्लेटा रंगवणारे एक वयस्कर पेंटर आहेत, पोळ्याच्या सुमारास बैलांच्या शिंगांचे कामही करतात. त्यांनी टाकी मांडीवर घेतली, केसांचा लांब, बारीक ब्रश सोनेरी रंगात बुडवून काचेवर दोनदा सपाट केला आणि करंगळी टाकीच्या कडेला टेकवून संपूर्ण रेघ एका ओढीत काढली. मी विचारले, "काका, हात थरथरत नाही?" ते म्हणाले, "थरथरते ना. पण सर, नजर ब्रशवर नाही ठेवाची, ब्रश जिथं पोचाचा हाये तिथं ठेवाची." दुसऱ्या बाजूची रेघ काढताना त्यांनी मापपट्टी घेतली नाही. नंतर मी मोजून पाहिले, काही ठिकाणी एखाद्या मिलिमीटरचा फरक आहे. रेघेवर पुन्हा क्लिअरचा हात देण्याआधी आजूबाजूची चकाकी हलक्या हाताने घासून घालवावी लागते, नाहीतर क्लिअरला पकड मिळत नाही.

जोडणीच्या वेळी नव्या रंगाला पान्यांचे ओरखडे पडू नयेत म्हणून चेसिसच्या सांध्यांना जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली. वायरिंग सहा व्होल्टचे, त्यामुळे प्रत्येक अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडा पत्रा मोकळा करावा लागला. सुंदर रंगवलेल्या कित्येक गाड्यांचा हॉर्न आणि दिवा अर्थिंगच्या जागी रंग राहिल्यामुळेच लागत नाही. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरची वॉशर आणि कॉकची रबरे नवी टाकली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हे पाणी टाकीच्या तळाशी बसून एवढ्या कष्टाने काढलेला गंज पुन्हा धरते. म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल भरतो, त्यात लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल स्वतंत्र डब्यात मिसळून घेतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवतो.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा सायलेन्सरमधून इतका निळा धूर निघाला की शेजारच्यांनी डोकावून पाहिले. बोअर केलेले इंजिन सुरुवातीला जपून चालवायचे असते, तेव्हा चाळीसच्या पुढे वेग जाऊ द्यायचा नाही असे मिस्त्रीने सांगितले आहे. वडिलांना हे बंधन मान्य नाही.

नूतनीकरणाच्या तपासणीसाठी अमरावतीला गाडी नेली. वयामुळे पर्यावरण कर भरला. उच्च सुरक्षा क्रमांकाची पाटी लावावी लागते, त्यामुळे आमच्या पेंटरकाकांनी हाताने रंगवलेली पाटी काढून घरी ठेवली. तपासणाऱ्याने चेसिस नंबर कागदावर पेन्सिलने घासून उतरवून घेतला. तो स्वच्छ उठला. रंगाच्या रकान्यात काळा आणि समोर गाडीही काळी, त्यामुळे त्याबाबत काही विचारणा झाली नाही. त्याने फक्त ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का ते दाखवायला सांगितले. तो लागला. सीटचे कव्हर मात्र अजून जुनेच आहे. दर्यापुरात मूळ शिलाईसारखी धार देणारा कारागीर मिळाला नाही, आणि स्पीडोमीटरची केबल दुकानदाराने पुढच्या आठवड्यात येईल असे सांगून ठेवले आहे.